टस्कनीत न केलेला फोन

मी विसरलो नव्हतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण गेली दोन-तीन वर्षं सिंगापूरमधल्या जुरोंग ईस्टच्या एका कॉन्डोत, म्हणजे महागड्या खाजगी सोसायटीत, स्विमिंग पूलशेजारी बार्बेक्यूच्या धुरात, माझ्या विसरभोळेपणाची एक गोष्ट सांगितली जाते. सांगणारा ती झकास सांगतो. लोक हसतात. मी तिथेच कागदी प्लेट घेऊन उभा असतो आणि मलाही थोडं हसावं लागतं.

ज्याला माझं काम माहीत आहे त्याला हे किती झोंबत असेल ते कळेल. पाया लेबारच्या एका ऑफिसात मी जहाजांच्या सुट्या भागांचा साठा सांभाळतो. कुठल्या बंदरात कुठला भाग किती शिल्लक आहे, किती पुरेल, कधी मागवायचा. आकडा चुकला की जहाज धक्क्याला अडकून पडतं. माझ्या आकड्यामुळे आजवर एकही अडकलेलं नाही. मी प्रत्येक गोष्ट दोनदा तपासतो आणि ही सवय ऑफिसातून घरी आणि घरून सहलीला येते. बाली असो की क्राबी, आमच्या ग्रुपचं हॉटेल, गाडी, जेवणाचं टेबल, सगळ्यांना आदल्या दिवशी फोन करून 'आमचं नाव आहे ना तुमच्याकडे?' असं विचारण्याचं काम माझं. यावरून माझी टिंगल व्हायची आणि सगळे निर्धास्तही असायचे. आजवर कुठेही आम्ही पोचलो आणि आमचं नाव नाही असं झालं नव्हतं.

ग्रुप म्हणजे तीन जोडपी. एक आम्ही, वुडलँड्सच्या सरकारी ब्लॉकमध्ये राहणारे. दुसरं जोडपं बोटीवरच्या चीफ इंजिनियरचं. त्याला आम्ही सगळे चीफच म्हणतो. माणूस कमी बोलतो आणि दिलेलं खातो. तिसरा जुरोंग ईस्टचा. तो आणि मी एकाच कंपनीच्या एम्प्लॉयमेंट पासवर पुण्याहून इथे आलो, एकाच भाड्याच्या फ्लॅटमध्ये एकाच तव्यावर पोळ्या जाळल्या. मग तो मॅनेजर झाला, डायरेक्टर झाला, कॉन्डोत गेला. व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्याने स्वतःचं नाव 'लीडर' असं ठेवलं होतं. इथेही मी त्याला तेच म्हणतो. त्याला आवडेल.

इटलीची कल्पना त्याची. त्याचा पन्नासावा वाढदिवस त्या वर्षी सप्टेंबरात होता आणि तो त्याला टस्कनीतल्या द्राक्षांच्या मळ्यात साजरा करायचा होता. वाइनवर तो वर्षभर बोलत होता. माझ्या बायकोची इच्छा वेगळी होती आणि जुनी होती. कोण्या सप्लायरने दिलेल्या कॅलेंडरवर एका महिन्याला मोंतेपुल्चानो नावाच्या गावाचं चित्र होतं. डोंगराच्या कण्यावर चढत गेलेलं गाव, खाली तटाचं दार, त्या दारातून एकच रस्ता वळत वळत वर चौकापर्यंत. वर्ष संपलं तरी तिने ते पान फाडून फ्रिजवर लावून ठेवलं होतं. तिचे दोन्ही गुडघे गेलेले. ऑपरेशनची तारीख ठरली होती, सहलीनंतर लगेचची. ती मला म्हणाली होती, "अहो, नवीन गुडघे बसवतील तेव्हा बसवतील. त्याआधी एकदा त्या गावात माझ्या स्वतःच्या गुडघ्यांनी चढायचंय."

नुसतं म्हणाली नाही. फिजिओथेरपिस्टला विचारून तिने तयारी सुरू केली. बाजारातून आली की लिफ्टकडे न जाता ब्लॉकच्या जिन्याने चढायची. आधी दोन मजले, मग लिफ्ट. मग चार मजले. शेजारची चिनी आजी जिन्यात भेटली की "लिफ्ट बिघडली का?" असं खुणेने विचारायची. जाण्याआधीच्या आठवड्यात बायको आमच्या बाराव्या मजल्यापर्यंत चढून आली, दारात उभी राहून कठड्याला धरून हसत होती, बोलायला श्वास नव्हता. मी नकाशावर तटाच्या दाराची आणि वरच्या चौकाची उंची पाहून वजाबाकी केली होती. आमच्या ब्लॉकचे वीस-बावीस मजले होत होते. तिला सांगितलं तर म्हणाली, "मग मध्ये कॉफीला थांबू."

लीडरच्या घरी सगळ्यांनी बसून बेत ठरवला तेव्हा शनिवार मोंतेपुल्चानोसाठी राखला. सगळ्यांसमोर. त्यानेच मोबाइलमध्ये टाकून घेतला.

फ्लॉरेन्सला विमानतळावर नऊ जणांची व्हॅन घेतली. ती गिअरची होती. लीडरकडे सिंगापुरात मोठी गाडी आहे, पण त्याचं लायसन्स ऑटोमॅटिकचं. गिअरची गाडी चालवायची त्याला परवानगी नाही. चीफ पंचवीस हजार टनांच्या जहाजाचं इंजिन चालवतो, गाडी त्याला येत नाही. माझ्याकडे गाडी नाही, पण लायसन्स गिअरचं आहे. म्हणून चालवायला मी. उलट्या बाजूने, अरुंद वळणावळणाच्या रस्त्यांनी. याचा सरळ अर्थ असा की वाइन बाकीच्यांनी प्यायची. बाटलीवर साडेचौदा टक्के लिहिलेलं असायचं, तिथल्या कायद्याची मर्यादा मला माहीत होती, माझ्या वजनाला किती चालेल तेही मी काढलं होतं आणि उत्तर आलं होतं की नकोच. मला त्याचं काही वाटलं नाही. मागून "ड्रायव्हर, एसी वाढवा" असं येत होतं त्याचंही फार नाही. बायको माझ्या शेजारी बसून घाटात उगवणारी गावं मोजत होती.

पहिला थांबा सान जिमिन्यानो, उंच उंच बुरुजांचं गाव. गाड्या तटाबाहेरच थांबवायच्या. गाडी देणाऱ्याने बजावलं होतं की किमती सामान आत ठेवू नका, म्हणून सगळ्यांनी आपापल्या हातातल्या बॅगा बरोबर घेतल्या. मी सगळ्यांना दाराशी उतरवलं आणि पार्किंग शोधायला गेलो. वरची जागा भरलेली, मधली भरलेली, शेवटी अगदी खालची मिळाली. तिथून चालत वर आलो.

दाराबाहेर एक कॅफे होता. बाहेरच्या टेबलाशी माझी बायको एकटी बसली होती. तिच्या चारही बाजूंनी बॅगा रचलेल्या. सहाही जणांच्या. तिच्यासमोर पाण्याची बाटली होती.

"बाकीचे?" मी विचारलं.

"वर गेले." ती म्हणाली. "जुरोंगचे भाऊजी म्हणाले, वहिनी, तुम्ही इथे निवांत बसा, तुमच्याच्याने काही व्हायचं नाही, उगाच सगळ्यांचा वेळ जाईल. सामानाकडे बघा, आम्ही पटकन बुरूज बघून येतो."

"आणि तू हो म्हणालीस?"

"मला विचारलं कुठे? बॅगा ठेवल्या आणि गेले." मग म्हणाली, "वेटरला वाटलं मी त्यांची बाई आहे. कामाला आणलेली. त्याने मेन्यू दिलाच नाही."

हे तिने तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. टेबलावरचं पाणी पुसत सांगितलं. मी तिच्यासाठी कॉफी आणि बदामाची बिस्किटं आणली आणि आम्ही दोघं बसलो. तासाभराने ते आले. लीडरने लांबूनच हात केला, "काय ड्रायव्हर, इथेच बसलास? वरून काय दिसतं माहितीये?" चीफची बायको ओशाळली होती, तिने आपली बॅग गुपचूप उचलली. मी आमच्या दोघांच्या बॅगा उचलल्या. मी पटकन बोलणारा माणूस नाही. माझ्याकडे गोष्टी साठतात.

मुक्काम एका शेतावरच्या जुन्या दगडी घरात होता. बुकिंग करताना मी मालकाला लिहून ठेवलं होतं की तळमजल्यावरची खोली गुडघेदुखीच्या बाईंसाठी हवी. मी व्हॅनमधून मोठ्या बॅगा उतरवत होतो तोवर लीडर आत जाऊन आला होता. तळमजल्याच्या पलंगावर टिश्यूचं पाकीट होतं.

ज्यांनी सिंगापूर पाहिलं नाही त्यांना सांगायला हवं. इथे हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या स्टॉलच्या बाजारात, जेवण आणायला जाण्याआधी खुर्चीवर टिश्यूचं पाकीट ठेवतात. मग ती खुर्ची तुमची. याला इथे 'चोप' करणं म्हणतात आणि कितीही गर्दी असली तरी दुसऱ्याचं पाकीट कोणी हलवत नाही. चांगली पद्धत आहे, दोन घासांपुरती. लीडरने ती आयुष्याला लावली. विमानात, बसमध्ये, लग्नाच्या पंक्तीत, सगळीकडे.

"अरे, ती खोली हिच्यासाठी सांगितली होती," मी म्हणालो.

"चोप म्हणजे चोप, बाबा," तो हसून म्हणाला. "आणि वहिनी जिन्यांची प्रॅक्टिस करतायत ना? होऊ दे की."

सगळे हसले. माझी बायकोसुद्धा हसली, कारण हसली नसती तर सहलीचा रंग उतरला असता. चार रात्री ती लाकडी अरुंद जिन्यावरून वरच्या खोलीत कठडा धरून, तिरकी होऊन चढली-उतरली. चौथ्या सकाळी गुडघा सुजलेला होता. त्यावर ती कापड बांधून बर्फ ठेवायची आणि मला म्हणायची, "शनिवारपर्यंत उतरेल."

आणि मग शनिवारच गेला.

लीडरला हव्या असलेल्या मळ्यात वाढदिवसाचं जेवण शुक्रवारी होतं. गुरुवारी सकाळी त्याने तिथल्या मालकीणबाईंशी परस्पर बोलून ते शनिवारी नेलं, कारण शनिवारी द्राक्षांच्या मांडवाखाली लांब टेबल मांडतात, फोटो चांगले येतात. न्याहारीच्या वेळी त्याने जाहीर केलं. मी म्हणालो, "शनिवारी मोंतेपुल्चानो आहे."

"ते रस्त्यावरून दिसतं की. जाताना थांबू, फोटो काढू."

"चढून जायचं ठरलं होतं."

त्याने ब्रेडला लोणी लावलं. त्याच्या आवाजात राग नव्हता, उलट समजूत घालण्याचा सूर होता, आणि तोच मला आजही ऐकू येतो. "हे बघ, एक गाव पाहिलं की सगळी पाहिल्यासारखी असतात. आणि वहिनींना चढता तर येणार नाहीच. मग आपण सगळ्यांनी कशाला अडकून पडायचं?"

बायको स्वयंपाकघरात होती. तांदूळ धूत होती, कारण तिसऱ्या दिवसापासून सगळ्यांना रात्री खिचडीच लागत होती आणि ती तीच करत होती. नळ चालू होता. तिने ऐकलं की नाही मला त्या वेळी कळलं नाही. नळ जरा जास्तच वेळ चालू राहिला.

मळ्याचं मूळ बुकिंग माझ्या नावावर, माझ्या ईमेलवर होतं. त्यामुळे बदललेल्या दिवसाचा मेल मलाच आला. बाईंनी स्वच्छ लिहिलं होतं: टेबल थोडीच आहेत, शनिवारी मागणी फार असते, नक्की येणार असाल तर शुक्रवारी दुपारी बारापर्यंत फोन करून सांगा, फोन आला नाही तर टेबल दुसऱ्यांना देऊ. मी ते वाचलं. दोनदा वाचलं.

शुक्रवारी दुपारी बाराला मी एका पेट्रोल पंपावर होतो. बाकीचे पलीकडच्या दुकानात चीज घेत होते. मी टाकी भरत होतो आणि फोन माझ्या शर्टाच्या खिशात होता. नंबर माझ्याकडे होता. इटालियनमध्ये काय म्हणायचं तेही मी पाठ केलं होतं, ते माझं नेहमीचं आहे. लिटरचा आकडा फिरत होता. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा बारावरून पुढे गेला आणि मी नळी जागेवर अडकवली, टाकीचं झाकण दोनदा फिरवून पाहिलं आणि गाडीत बसलो. मला फार बरं वाटलं. इतकं बरं त्या सहलीत तोवर वाटलं नव्हतं.

एक गोष्ट नोंदवतो. त्याने मला विचारलं असतं, 'फोन केलास ना?', तर मी खोटं बोललो नसतो. ती संधी मी त्याला शुक्रवारी दुपारभर दिली, रात्रीच्या जेवणात दिली, शनिवारी सकाळी गाडीत दिली. त्याने विचारलं नाही. माझं काम झालेलंच असतं, हे त्याने गृहीत धरलं होतं. मी फक्त ते गृहीत त्याच्या हातात राहू दिलं.

शनिवारी त्याने तलम पांढरा शर्ट घातला होता आणि फ्लॉरेन्सला घेतलेले नवे बूट. त्याच्या बायकोने सिंगापूरहून खास आणलेली पैठणी नेसली होती. मळा खरोखर सुंदर होता. टेकडीच्या उतारावर रांगा, वर मांडव, मांडवाखाली लांब टेबल, पांढरं कापड, ग्लासं मांडलेली. कोणी बसलेलं नव्हतं. वाइन चाखण्याचं बुकिंग वेगळं होतं, ते आधी तळघरात. तिकडे जाण्याआधी लीडरने खिशातून टिश्यूची पाकिटं काढली आणि सावलीतल्या सहा खुर्च्यांवर एकेक ठेवलं.

"इथे असं चालतं का?" त्याच्या बायकोने विचारलं.

"माणसं सगळीकडे सारखीच," तो म्हणाला.

आम्ही तळघरातून वर आलो तेव्हा टेबलाशी तीसेक माणसं बसली होती. मध्ये एक बाळ, पांढऱ्या झालरीच्या कपड्यात. त्याचा नुकताच बारशासारखा काहीतरी चर्चमधला विधी झाला होता. एक म्हातारे गृहस्थ आमच्यातल्या एका टिश्यूने बाळाची लाळ पुसत होते. मालकीणबाई उरलेली पाच पाकिटं एकावर एक रचून आमच्याकडे घेऊन आल्या.

"ही तुमची राहिली होती," त्या इंग्रजीत म्हणाल्या.

"राहिली नव्हती, ठेवली होती," लीडर म्हणाला. "ती आमची जागा आहे."

बाईंना कळेना. पाकिटं आणि जागा यांचा संबंध त्याने त्यांना दोनदा समजावून सांगितला. बाई ऐकत होत्या आणि मधूनच पाकिटांकडे बघत होत्या. चीफ माझ्या कानाशी म्हणाला, "तो त्यांना सिंगापूरचा कायदा लावतोय." शेवटी बाई म्हणाल्या, "माफ करा, पण मी मेलमध्ये लिहिलं होतं. शुक्रवारी दुपारपर्यंत तुमचा फोन आला नाही. म्हणून या कुटुंबाला दिलं."

सगळे माझ्याकडे वळले.

"तू फोन केला नाहीस?" लीडर.

"नाही."

हाच क्षण. यासाठी मी शुक्रवारपासून वाट पाहिली होती. मला त्याचा चेहरा पडलेला बघायचा होता. सहा बॅगांच्या मध्ये बसवलेल्या बाईला कसं वाटलं असेल ते त्याच्या तोंडावर उमटलेलं मला बघायचं होतं. आणि तो पडलाही. क्षणभर पांढरा शर्ट, नवे बूट आणि मध्ये काहीच नाही असा तो उभा राहिला. मग त्याने मोठा श्वास घेतला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"विसरलास."

"विसरलो नाही," मी म्हणालो.

"अरे, होतं. दमलायस तू. एवढे दिवस एकटा गाडी चालवतोयस." तो बाकीच्यांकडे वळला. "कोणी त्याला काही बोलायचं नाही हां. वय झालं आपलं सगळ्यांचं. मी पन्नासचा झालो, हा तर माझ्याहून मोठा."

"मी मुद्दाम केला नाही," मी म्हणालो, शक्य तितक्या स्पष्ट.

"तेच म्हणतोय मी. मुद्दाम कोण करेल?"

तो मला माफ करत होता. चारचौघांत, माझ्या खांद्यावर हात ठेवून, मोठ्या मनाने. आणि सगळे त्याच्या मोठेपणाकडे कौतुकाने बघत होते. मी आयुष्यात कधी इतका चिडलो नसेन. पण गाडीची किल्ली माझ्या हातात होती, एवढं शिल्लक होतं. मी म्हणालो, "दुपार मोकळी आहे. मी मोंतेपुल्चानोला चाललोय. ज्यांना यायचं असेल त्यांनी बसा." दुसरी गाडी कुठे होती? सगळे बसले.

गाव लांबून दिसलं तेव्हा बायकोने काचेवर बोट ठेवलं. कॅलेंडरवर होतं तसंच होतं, फक्त रंग जरा उडालेले. मी सगळ्यांना तटाच्या दाराशी उतरवलं आणि तिला म्हणालो, "मी येईपर्यंत थांब."

"थांबत नाही," ती म्हणाली. "मी हळू चढते. तुम्ही गाठाल."

शनिवार असल्यामुळे पार्किंग मिळेना. मी खाली खाली जात राहिलो आणि प्रत्येक वळणावर लीडरला शिव्या घातल्या. गाडी लावून धावत दारापर्यंत आलो, धापा टाकत रस्त्याला लागलो. अर्ध्या चढावर ते दिसले. माझी बायको भिंतीच्या सावलीने चढत होती, एक पाऊल, थांबा, दुसरं पाऊल, आमच्या जिन्यात चढायची तशीच. तिच्या शेजारी लीडरची बायको, पैठणी घोट्याच्या वर खोचून, हातात चपला घेऊन, अनवाणी. चीफची बायको मागे पाण्याची बाटली घेऊन. चीफ एका वाइनच्या दुकानात शिरला होता. आणि सर्वांत पुढे लीडर, उलटा चालत, मोबाइल वर धरून.

"चला वहिनी, शाब्बास. जमतंय, जमतंय. अजून थोडंच राहिलं. मी आहे."

मी तिच्याजवळ पोचलो आणि हात पुढे केला. तिच्या ओठावर घाम होता. गुडघा बहुतेक फार दुखत होता, कारण तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. "हात नको," एवढंच म्हणाली. मी हात मागे घेतला. शेवटची चढण सर्वांत उभी होती. तिथे ती बराच वेळ थांबली. लीडरच्या बायकोने विचारलं, "बसायचं का गं जरा?" तर ती म्हणाली, "बसले तर उठणार नाही मी." आणि चढली. चौकात एक जुनी दगडी विहीर आहे, तिच्या पायरीला टेकून ती उभी राहिली आणि तिने चपला काढल्या. दगड तापलेला होता. तिने तळवे त्यावर ठेवले आणि डोळे मिटले. मी शेजारी उभा राहिलो. तिचं तेवढं झालं होतं, पूर्ण, आणि ते कोणी तिच्याकडून काढून घेऊ शकणार नव्हतं.

असं मला वाटलं होतं. खाली उतरेपर्यंत तो व्हिडिओ सिंगापूरच्या सगळ्या मराठी ग्रुपवर गेलेला होता. खाली त्याने लिहिलं होतं की वाढदिवसाचं जेवण एका मित्राच्या विसरण्यामुळे हुकलं, पण त्या दिवशी वहिनींना डोंगरावर चढवलं हीच मला मिळालेली भेट. शंभरच्या वर अंगठे आले. कोणीतरी लिहिलं, 'खरा लीडर.'

तेव्हापासून ही गोष्ट अशी सांगितली जाते: दोनदा तपासणारा माणूस एकदा विसरला, लीडरने मोठ्या मनाने घेतलं आणि गुडघे गेलेल्या वहिनींना हिंमत देऊन वर नेलं. मी तीन वेळा दुरुस्त करून पाहिली. प्रत्येक वेळी माझ्या दुरुस्तीचाच विनोद झाला. मागच्या बार्बेक्यूला त्याची कॉलेजात जाणारी मुलगी तिच्या सिंगापुरी मिश्र भाषेत मला म्हणाली, "अंकल, तुम्हीच ना लंच विसरलेले? इट्स ओके लाह, माय ग्रँडमा ऑल्सो लाइक दॅट." आणि पुढच्या सहलीचे फोन करण्याचं काम आता लीडरने चीफच्या बायकोकडे दिलं आहे. सगळ्यांसमोर, माझ्याकडे बघत, हळुवारपणे. "याच्यावर आता ताण नको."

म्हणून मी हे लिहायला घेतलं. बोलून ज्याचा विनोद होतो ते लिहिल्यावर तरी तसंच राहील, असा माझा हिशोब. नावं घातलेली नाहीत, पण जुरोंग ईस्टमध्ये ती कोणाला विचारावी लागणार नाहीत.

लिहून झाल्यावर बायकोला वाचायला दिलं. तिचे दोन्ही गुडघे आता नवीन आहेत. खिडकीशी उभं राहून तिने सगळं वाचलं. सान जिमिन्यानोच्या पानावर ती जरा जास्त थांबली.

"काय होणार माहितीये?" ती म्हणाली. "तो हे वाचेल आणि म्हणेल, बिचारा, त्या विसरण्याचं केवढं मनाला लावून घेतलंय."

ते खरं होतं.

"आणि यात तुमचं आणि त्याचंच चाललंय," ती पुढे म्हणाली. "तो मला काय म्हणाला, तुम्ही त्याचं काय केलंत, त्याने तुमचं काय केलं. मला कोणी विचारलं का, मला काय करायचंय?"

"काय करायचंय?"

"नळ चालू होता त्या सकाळी, तरी मला सगळं ऐकू येत होतं." तिने पानं नीट जुळवून टेबलावर ठेवली. "त्याला बोलवा जेवायला. त्या दोघांनाच. आपल्याकडे."

वुडलँड्सला यायचं म्हटलं की तो नेहमी कुरकुरतो. इतक्या वर्षांत एखाद-दोनदाच आला असेल. पण वहिनींनी बोलावलंय म्हटल्यावर लगेच हो म्हणाला. त्याला वाटतंय, आभार मानायला बोलावलंय. रविवारी दुपारी येतात. काय करायचं ते तिने ठरवलंय, मसालेभात, अळूची भाजी, श्रीखंड. काय बोलायचं तेही ठरवलंय. मी दोनदा विचारलं, तिने सांगितलं नाही. मला फक्त एवढं बजावलंय की ती बोलत असताना मी मध्ये तोंड घालायचं नाही.